दुसरा क्लास कुठला घेऊ? वॉरियर, मंक आणि माझ्या मेंडिंगची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? नसतील तर लावा, कारण आज मी पूर्ण वेळ गेमबद्दल बोलणार आहे, आणि लोकलमध्ये शेजारी बसलेल्या काकांना वाटायचं की ह्या पोरांना काही कामधंदाच नाही.

तर झालं असं, की गेल्या आठवड्यात एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. म्हणतो, "दादा, मी गिल्ड वॉर्स सुरू केलाय, जुना वाला. वॉरियर घेतलाय. आता तो दुसरा क्लास निवड म्हणतोय. मंक घेऊ का? म्हणजे स्वतःलाच हील करता येईल, कुणावर अवलंबून राहायला नको."

मी ती नोट तीनदा ऐकली. कारण शेवटचं वाक्य आहे ना, "कुणावर अवलंबून राहायला नको", ते मी 2016 साली हॉस्टेलच्या खोलीत जसंच्या तसं बोललो होतो. आणि त्यापायी माझा एक मित्र जाता जाता राहिला. म्हणून म्हटलं, ह्याला दोन ओळींत उत्तर नको. अख्खा एपिसोडच करूया.

ज्यांना हा गेम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गिल्ड वॉर्स 2005 साली आला, अरीनानेट नावाच्या कंपनीने बनवला. ऑनलाइन फँटसी रोल-प्लेइंग गेम, पण दर महिन्याची फी नाही. एकदा विकत घ्या आणि खेळत बसा. आम्हा हॉस्टेलच्या पोरांना हेच तर पाहिजे होतं. आणि गेम जुना, त्यामुळे माझ्या सेकंडहँड लॅपटॉपवरसुद्धा चालायचा. त्याच वर्षी जिओ आलं होतं. हॉस्टेलच्या वायफायवर गेम चालत नसे, मग मोबाइलचा हॉटस्पॉट. गिल्ड वॉर्स 2 हा वेगळा गेम, 2012 चा. त्यात दुसऱ्या क्लासची ही भानगडच नाही. मी पहिल्याबद्दल बोलतोय.

ह्या पहिल्या गेममध्ये मूळ सहा क्लास होते. वॉरियर, रेंजर, मंक, नेक्रोमॅन्सर, मेस्मर आणि एलिमेंटलिस्ट. पुढे फॅक्शन्स आणि नाइटफॉल आले तेव्हा अजून चार आले. तुम्ही आधी एक मुख्य क्लास निवडता. तो कायमचा. जन्माला आलात वॉरियर, तर मरेपर्यंत वॉरियर. मग थोडं खेळल्यावर दुसरा क्लास मिळतो. प्रोफेसीज ही जी पहिली मोहीम आहे, तिच्या सुरुवातीच्या भागात वेगवेगळे गुरू भेटतात, प्रत्येकजण आपापल्या क्लासची थोडी चव देतो. मग तुम्ही ठरवता.

आता सहा क्लास, प्रत्येकाला बाकीच्या पाचातला एक जोडायचा, म्हणजे 30 जोड्या. आणि वॉरियर-मंक वेगळा, मंक-वॉरियर वेगळा. इथेच सगळ्यांची गल्लत होते. नव्या माणसाला वाटतं, दोन क्लास म्हणजे दोन्हीची बेरीज. वन प्लस वन फ्री. तसं नाहीये, भावा.

दुसऱ्या क्लासचे स्किल तुम्हाला मिळतात. पण त्याचं चिलखत मिळत नाही, चिलखत मुख्य क्लासचंच. त्याच्या ताकदी वाढवणारे रून लावता येत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, प्रत्येक क्लासचा एक खास गुण असतो, जो फक्त मुख्य क्लासवाल्यालाच मिळतो. मंकचा डिव्हाइन फेवर, रेंजरचा एक्सपर्टीज, वॉरियरचा स्ट्रेंग्थ. पाहुणा म्हणून गेलात तर जेवायला मिळेल, तिजोरीची किल्ली मिळणार नाही.

बरं. तर आमची टोळी होती तिघांची. मी वॉरियर. माझा रूममेट मंक, त्याला आम्ही डॉक्टर म्हणायचो. आणि शेजारच्या खोलीतला रेंजर, तो सरपंच. कारण त्याला प्रत्येक गोष्टीत मत होतं. टोळीत उरलेल्या जागा भरायला गेममध्ये हेंचमेन मिळतात, म्हणजे कम्प्यूटरने चालवलेले भाडोत्री सोबती.

मी दुसरा क्लास घेतला मंक. का? सांगितलं ना, कुणावर अवलंबून राहायला नको. थोडं माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे कळेल. आमच्या घरी कुणाकडे काही मागणं म्हणजे मोठी नामुष्की. शेजारून वाटीभर साखर आणली तर आई संध्याकाळच्या आत परत द्यायची. मी हॉस्टेलवर आलो तेव्हा पहिल्या आठवड्यात बादली, इस्त्री, एक्स्टेन्शन बोर्ड सगळं स्वतःचं घेऊन ठेवलं. खोलीत दोन पोरं आणि इस्त्र्या पण दोन. डॉक्टर हसला होता. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

तर गेममध्येही तेच. माझ्या बारवर मी मेंडिंग लावलं. बारवर एका वेळी आठच स्किल बसतात, हे लक्षात ठेवा. मेंडिंग म्हणजे मंकचं एक एन्चांटमेंट. एकदा स्वतःवर टाकलं की हेल्थ हळूहळू आपोआप भरत राहते. ऐकायला किती भारी ना? वॉरियर आणि मंक मिळून जो मेंडिंग लावून फिरतो, त्याला गिल्ड वॉर्सवाले "वॅमो" म्हणून चिडवतात. मला हे माहीतच नव्हतं. मला वाटायचं, हा शोध मीच लावलाय.

आणि मग मी काय करायचो? पुढे पळायचो. मेंडिंग आहे ना, काय होतंय! शत्रूंचा घोळका दिसला की एकटाच आत. मागे डॉक्टर धावतोय, कारण मंकचा मंत्र ठरावीक अंतरापर्यंतच पोचतो. तो मला वाचवायला पुढे यायचा, मंकचं चिलखत ते केवढंसं, आणि तोच मरायचा. मग दोन मिनिटांत मी. मग सगळेच.

वाळवंटात एक मिशन आहे, डून्स ऑफ डिस्पेअर. तिथे एका भुताला, घोस्टली हिरोला, जिवंत ठेवायचं असतं. भुताला जिवंत कसं ठेवायचं विचारू नका, पण तो मेला की मिशन फेल. आम्ही ते सलग चार रात्री हरलो. चौथ्या रात्री मी पुढे पळालो, डॉक्टर माझ्या मागे आला, आणि इकडे त्या हिरोजवळ कुणीच नाही. खलास. मी हेडफोन काढून म्हणालो, "अरे, तू मला का हील करत होतास? मी माझं बघतो ना. तू त्याच्याजवळ थांबायचं."

डॉक्टर शांतपणे म्हणाला, "तू तुझं बघतोस ना? मग बघ." आणि लॅपटॉप बंद केला.

त्यानंतर तीन आठवडे तो गेमवर आला नाही. एकाच खोलीत राहून आम्ही "लाइट घालव" आणि "पंखा कमी कर" एवढंच बोलायचो. मेसमध्येसुद्धा तो दुसऱ्या टेबलावर. मला वाटत होतं, एका गेमवरून एवढं काय? मला खरंच कळलं नव्हतं त्याला काय लागलंय.

मग मला ताप आला. व्हायरल. सकाळी लेक्चरला गेलो नाही, दुपारी मेसला गेलो नाही, घरी फोन केला नाही. माझं मी बघतो! संध्याकाळी डॉक्टर खोलीत आला, हातात मेसची मुगाची खिचडी, डब्यात. म्हणाला, "गोळी घेतलीस?" मी म्हणालो, "घेईन." म्हणाला, "घेईन नाही. आत्ता." पाणी दिलं. मग माझ्याच टेबलावरून माझी वही ओढली, मागचं पान उघडलं आणि म्हणाला, "आता तुला पळता येणार नाही. गप पड आणि ऐक."

आणि त्याने हिशोब मांडला. तो हिशोब मी आज तुम्हाला देतोय, कारण दुसरा क्लास निवडताना तोच लागतो. पेन घ्या पाहिजे तर.

पहिला हिशोब एनर्जीचा. एनर्जीच्या पट्टीवर छोटे बाण असतात, त्यांना पिप म्हणतात. एक पिप म्हणजे 3 सेकंदांना 1 एनर्जी. मंकला 4 पिप मिळतात, वॉरियरला 2. मेंडिंग टाकायला लागते 10 एनर्जी. वॉरियरकडे मुळात एकूण 20. म्हणजे निम्मी तिजोरी तिथेच रिकामी. वर मेंडिंग जोवर चालू आहे तोवर 1 पिप खातं. 2 मधला 1! म्हणजे अर्धा पगार ईएमआयमध्ये. डॉक्टर म्हणाला, "5 एनर्जीचा एक मंत्र टाकायला मला पावणेचार सेकंदांची कमाई पुरते. तुला साडेसात सेकंद लागतात. आणि मेंडिंग चालू असेल तर पंधरा."

आणि त्या ईएमआयच्या बदल्यात मिळतं काय? हीलिंग प्रेयर्स 10 वर नेलं तरी 3 पिप हेल्थ, म्हणजे सेकंदाला 6. तेवढी हेल्थ तर एखादा शत्रू जांभई देता देता काढतो. शिवाय शत्रूने ते एन्चांटमेंटच काढून टाकलं, की 10 एनर्जी पाण्यात.

दुसरा हिशोब पॉइंटांचा. लेव्हल 20 ला, पॉइंट देणारे क्वेस्ट केले की, एकूण 200 पॉइंट होतात. तेव्हा आमच्याकडे तेवढे नव्हते, पण सोपं जावं म्हणून पूर्ण धरू. हे पॉइंट वाटताना प्रत्येक पुढची पायरी महाग होत जाते. एखादा गुण 8 पर्यंत न्यायला 37 पॉइंट, 10 पर्यंत 61 आणि 12 पर्यंत 97. म्हणजे 200 मध्ये दोन गुण 12 वर जातात, 194 खर्च, आणि उरलेल्या 6 मध्ये तिसरा जेमतेम 3 वर. माझी वाटणी काय होती? कुऱ्हाड 10, स्ट्रेंग्थ 8, टॅक्टिक्स 8, हीलिंग 10. बेरीज 196. डॉक्टर म्हणाला, "सगळ्या विषयांत पास, डिस्टिंक्शन एकातही नाही."

तिसरा हिशोब मला सगळ्यात जास्त लागला. ऑरिसन ऑफ हीलिंग हा मंकचा अगदी साधा मंत्र, 5 एनर्जीचा. हीलिंग 10 वर असताना मी तो टाकला तर साधारण 53 हेल्थ भरते. डॉक्टरने हीलिंग 12 वर ठेवून तोच मंत्र टाकला, तर 60. फरक फार नाही, बरोबर? पण मुख्य मंक असल्यामुळे त्याच्याकडे डिव्हाइन फेवर आहे. त्याच्या प्रत्येक रँकमागे मंत्राला साधारण 3.2 हेल्थ जादा. 12 वर 38. म्हणजे 60 आणि 38, एकूण 98. मंत्र तोच, किंमत तीच. माझ्या हातून 53, त्याच्या हातून 98.

मग त्याने पेन खाली ठेवलं. म्हणाला, "जे काम मी दुप्पट चांगलं करतो, ते तू अर्धा पगार घालवून का करतोस? मी मागे उभा आहे ना? की नाहीये?"

मी काही बोललो नाही. तापात डोळ्यांतून पाणी येतं, माहितीय ना. तसंच ते.

मग मी म्हणालो, "पण तू मेलास तर?" कारण माझी खरी भीती ती होती. एकदा त्याचं नेट गेलं होतं आणि मी एकटा उरलो होतो. ते डोक्यातून गेलंच नव्हतं.

तो म्हणाला, "हां! आता बरोबर प्रश्न विचारलास. तू मेलास तर मी उठवीन. मी मेलो तर कोण उठवणार? मंकचं ते एक स्किल घे."

ते स्किल म्हणजे रिसरेक्ट. मेलेल्या सोबत्याला उठवतं. तसं एक रिसरेक्शन सिग्नेट सगळ्याच क्लासना मिळतं, पण ते एकदा वापरलं की संपलं, मोराल बूस्ट मिळेपर्यंत परत नाही. रिसरेक्ट परत परत वापरता येतं. 10 एनर्जी लागते, आणि 8 सेकंद एका जागी उभं राहावं लागतं. उठणारा माणूस पाव हेल्थ आणि शून्य एनर्जी घेऊन उठतो. फार भारी नाही दिसत. पण गंमत बघा. ह्याला हीलिंगचा एकही पॉइंट लागत नाही! शून्यावरसुद्धा तेवढंच चालतं जेवढं बारावर. म्हणजे माझे सगळे पॉइंट कुऱ्हाडीला आणि स्ट्रेंग्थला मोकळे. बाकी वॉरियरची बरीचशी स्किल एनर्जीवर नाही, ॲड्रेनलिनवर चालतात. मारत राहा, ती भरत राहते. त्यामुळे 20 एनर्जी अशीच पडून असते, ती ह्या कामासाठी.

दुसरा क्लास मंकच राहिला, तेव्हा बदलता येतही नव्हता. पण आता आठातलं एकच स्किल मंकचं. ताप उतरल्यावर डून्स ऑफ डिस्पेअरला परत गेलो. मी पळालो नाही, डॉक्टरच्या टप्प्यात राहिलो. अर्ध्या वाटेवर डॉक्टर मेला. सरपंचाने पुढची आघाडी धरली, मी मागे गेलो आणि 8 सेकंद उभा राहिलो. शत्रू अंगावर येत असताना कुऱ्हाड खाली ठेवून 8 सेकंद उभं राहणं, बाप रे! आयुष्यातले सगळ्यात लांब 8 सेकंद. डॉक्टर उठला. मिशन जिंकलो. रात्रीचे पावणेतीन वाजले होते, आणि वॉर्डनने येऊन दार वाजवलं, कारण सरपंच ओरडला होता.

आता सरपंचाचंही सांगतो, कारण त्याची जोडी आमच्यापेक्षा हुशारीची होती. तो रेंजर-नेक्रोमॅन्सर. रेंजरचा खास गुण एक्सपर्टीज, त्याने काही प्रकारच्या स्किलची किंमत कमी होते, प्रत्येक रँकमागे 4 टक्के. त्यात हाताने शिवून वापरायची टच स्किलही येतात. नेक्रोमॅन्सरचं एक आहे, व्हॅम्पिरिक टच, शत्रूची हेल्थ ओढून स्वतःला घेतं. नेक्रोमॅन्सरला ते 15 एनर्जीला पडतं. एक्सपर्टीज 12 असलेल्या रेंजरला 48 टक्के सूट, म्हणजे 8 ला. घरच्याला पूर्ण भाव आणि पाहुण्याला डिस्काउंट! त्याचं धनुष्य पाठीवर शोभेला. लोक हसायचे, पण तो मरायचा सगळ्यात शेवटी.

मग पुढे काय? प्रोफेसीजमध्ये दुसरा क्लास बदलायची वाट असेन्शन झाल्यावर उघडते. बाकी मोहिमांत पद्धत वेगळी आहे. असेन्शनसाठी शेवटी एकट्याने एक लढाई करावी लागते, आणि समोर कोण? तुम्हीच. डॉपलगँगर, तुमची नक्कल. तुम्ही जी स्किल घेऊन आत गेलात, तीच त्याच्याकडे. तिथे ना डॉक्टर, ना सरपंच. मला वाटतं, हा गेम बनवणाऱ्यांपैकी कुणाला तरी माझ्यासारखी माणसं चांगली माहीत असणार. मी बारवर मेंडिंग ठेवून गेलो असतो, तर तोही मेंडिंग लावून उभा राहिला असता आणि आम्ही दोघं एकमेकांना सकाळपर्यंत खाजवत बसलो असतो.

त्यानंतर मी दुसरा क्लास बदलून एलिमेंटलिस्ट करून बघितला, तेही फक्त शॉक ह्या एका स्किलसाठी. 5 एनर्जी, आणि समोरचा खाली पडतो. पॉइंट शून्य असले तरी पडतोच. बदल्यात तुमची कमाल एनर्जी काही काळ 10 ने कमी होते, म्हणून जपून वापरायचं. पण डॉक्टरबरोबर मिशनला जाताना मात्र मी परत मंक व्हायचो.

तर व्हॉइस नोटवाल्या मित्रा, तुझं उत्तर. मंक घे, बिनधास्त घे. पण घेण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचार. एक, ह्या क्लासचं स्किल माझ्या एनर्जीत परवडतं का? दोन, ते पॉइंट न घालता चालतं का, किंवा सरपंचासारखं माझ्या मुख्य क्लासमुळे अजून स्वस्त होतं का? आणि तीन, हे काम माझ्या टोळीत आधीच कुणीतरी माझ्यापेक्षा चांगलं करतंय का? करत असेल तर त्याला करू दे. तो नसेल तेव्हा काय लागेल, तेवढं तू शिकून ठेव.

मी आता बॅकएंड लिहितो. आमच्या टीममध्ये टेस्टिंग करणारी एक ताई आहे, माझ्यापेक्षा शंभरपट बारीक बघते. पूर्वीचा मी असतो तर तिच्या शेजारी बसून माझं वेगळं टेस्टिंग करत बसलो असतो. आता मी तिच्याकडून एकच गोष्ट शिकून घेतलीय, ती रजेवर असताना रिलीज कसं अडकू द्यायचं नाही. बाकी तिचं तिला.

आणि डॉक्टर? तो आता खरोखरच हॉस्पिटलांची बिलं करणारं सॉफ्टवेअर लिहितो. गेमचे सर्व्हर अजून चालू आहेत. हा एपिसोड रेकॉर्ड करण्याआधी त्याला फोन केला, म्हटलं तुझी गोष्ट सांगू का? म्हणाला, "सांग. पण इस्त्रीचं पण सांग." तर सांगितलं. कॉलेज संपताना दोन्ही इस्त्र्या ज्युनियरांना देऊन आलो. खरं तर दुसऱ्या वर्षानंतर आम्ही एकच वापरत होतो.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तुमची जोडी कुठली आहे ते व्हॉइस नोट करून पाठवा. आणि मेंडिंग लावून फिरत असाल तर लाजू नका, आपण सगळेच कधीतरी वॅमो होतो. काळजी घ्या!